चार बाटल्या

पहिली बाटली ऑपरेशन चालू असतानाच गेली, ती मला कळलीच नाही. दुसरी शुद्धीवर असताना लागली. नर्सताईंनी मानेतल्या नळीतून थेंब इतके हळू सोडले, की मला वाटलं सलाईन अडकलंय. सहा तास चालायची होती ती. आधी तापाची गोळी, ॲलर्जीचं इंजेक्शन, स्टिरॉइड, सगळं देऊन झालं होतं. तरी तासाभरात अशी हुडहुडी भरली की पलंगाची दांडी खडखडायला लागली. नोव्हेंबर २०१३. ह्यांची किडनी माझ्या पोटात बसून जेमतेम एक दिवस झाला होता.

औषधाचं नाव एटीजी. माणसाच्या थायमस ग्रंथीतल्या पेशी सशाला टोचतात, सशाचं रक्त त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, तीच गाळून, शुद्ध करून बाटलीत भरतात. ती शरीरातल्या टी-पेशींना चिकटून त्यांना संपवतात, म्हणजे नव्या किडनीवर चाल करून जायला कोणी उरत नाही. एरवी बॅसिलिक्सिमॅबच्या दोन इंजेक्शनांवर भागतं. त्यानं पेशी मरत नाहीत, त्यांना वाढीचा इशारा तेवढा मिळत नाही. पण माझी दोन बाळंतपणं झालेली. लेकरांत निम्मा अंश बापाचा. पोटात वाढताना आईचं शरीर तो परका म्हणून ओळखतं आणि लक्षात ठेवतं. मला ह्यांच्याविरुद्ध थोडी प्रतिपिंडं आधीपासून होती. ज्या मुलांसाठी जगायचं होतं, त्यांच्यामुळेच मला जोरकस औषध लागलं. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी रडले होते.

चार बाटल्या झाल्या. पहिलं वर्ष व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, सेप्ट्रान अशा संसर्ग टाळायच्या गोळ्या, मास्क, उकळलेलं पाणी यांत गेलं. मग हळूहळू सगळं सुटत गेलं आणि शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून रोजच्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या तेवढ्या उरल्या. त्या चार बाटल्या मी विसरले. फाइल जाड होत गेली तशी फाइलही विसरली.

२०१९ च्या पावसाळ्यात डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी पुरळ उठलं. गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून मलम दिलं. सासूबाईंनी मात्र लुगडं खोचून खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही नागीण आहे." त्यांनी गेरू उगाळायला घेतला, पण निदान त्यांचंच खरं होतं. नागिणीची गोळी पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तर चांगली लागू पडते. माझे पाच दिवस मलमात गेले. तिथे आजही ब्लाउजची शिवण लागली की चटका बसतो.

नागिणीचं ऐकून किडनीच्या डॉक्टरांनी जुनं डिस्चार्ज कार्ड मागवलं, त्यातल्या एटीजीच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि सीडी-फोर, म्हणजे टी-पेशींतला एक प्रकार, मोजायला सांगितलं. लॅबमधल्या मुलानं कागद वाचला, मान वर केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "एआरटी सेंटरमधून आलाय का ताई?" ती तपासणी त्याला एचआयव्हीचीच माहीत. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, किडनी बदलली आहे. मग घरी येईपर्यंत वाटत राहिलं, एचआयव्ही असता तरी आवाज खाली आणायचं कारण काय होतं?

आकडा आला २२८. सहा वर्षांनी! साधारण पाचशेच्या वर हवा असतो. रोजच्या गोळ्यांचाही त्यात वाटा आहे, पण डॉक्टर म्हणाले, एटीजीनंतर सीडी-फोर पेशी वर्षानुवर्षं कमी राहू शकतात. नव्या पेशी थायमसमध्ये तयार होतात, आणि चाळिशीनंतर त्या ग्रंथीची बहुतेक चरबी झालेली असते. मग उरलेल्या पेशीच आपली संख्या वाढवतात. आमचं शेतकऱ्याचं घर, मला लगेच समजलं. दुष्काळानंतर कणगीच्या तळाशी उरलेलं बी पुन्हापुन्हा पेरलं तर रान भरतं, पण जी वाणं संपली ती परत येत नाहीत.

त्या बाटल्यांवर माझा राग नाही. त्यांच्यामुळेच पहिल्या वर्षी किडनी नाकारली गेली नाही असं मी मानते. आज क्रिएटिनिन १.२ आहे. राग आहे तो त्या एका ओळीच्या हरवण्यावर. इतक्या वर्षांत इतक्या डॉक्टरांनी तपासलं, टॅक्रोलिमसची लेव्हल प्रत्येकानं विचारली, सुरुवातीला काय दिलं होतं हे कुणीच विचारलं नाही. मलाही ते सांगायचं असतं हे कुणी शिकवलं नव्हतं. औषध चार दिवसांचं असलं तरी त्याचा हिशेब चार दिवसांत मिटत नाही.

आता फाइलच्या पहिल्या पानावर मुलीनं लाल शाईनं लिहून ठेवलंय: एटीजी, चार डोस, नोव्हेंबर २०१३. खाली: जिवंत विषाणूची लस नको. पुतणीचं बाळ मुक्कामाला असताना पोलिओचा रविवार आला. तोंडावाटे दिलेल्या त्या लसीतला विषाणू काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो, म्हणून त्याची दुपटी मी धुवायची नाहीत. ती ह्यांनी धुतली, अंगणातल्या नळाखाली. मी ओट्यावर बसून बाळाला लांबूनच टाळ्या वाजवून खेळवत होते.