विचार करून सांगतो

माझ्या एका वाक्याची आमच्या घरात फार वर्षांपासून थट्टा होत आली आहे. ते वाक्य म्हणजे, "विचार करून सांगतो." दूधवाल्याने उद्यापासून अर्धा लिटर दूध अधिक घालू का म्हणून विचारले, तरी माझे उत्तर हेच. महाविद्यालयात एखाद्या समितीवर नाव घालू का अशी पृच्छा झाली, तरी हेच. सौभाग्यवतीचे म्हणणे असे की, आमच्या विवाहाच्या वेळीही मी मुलगी पाहून आल्यावर हेच वाक्य उच्चारले होते आणि वडिलांनी ते ऐकले न ऐकलेसे करून मुहूर्त धरला, म्हणूनच आमचा संसार उभा राहिला. मी ही थट्टा निमूटपणे ऐकून घेत असे, कारण मनातून मला या सवयीचा थोडासा अभिमानच वाटे. उतावळा तो उथळ आणि संथ तो सखोल, असे एक समीकरण मी तरुणपणीच मांडून ठेवले होते. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात उभे आयुष्य गेलेल्या माणसाला असली समीकरणे फार आवडतात.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या २८ जुलैला, या समीकरणाला पहिला तडा गेला. आणि तो घालविला नागपूरच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीने.

त्या दिवशी श्रावणातला पहिला सोमवार होता. आमच्या नागऱ्याच्या प्राचीन शिवमंदिरात पहाटेपासून गर्दी लोटली होती. गोंदियाहून येणाऱ्या रस्त्यावर बेलाची पाने आणि फुले विकणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. गावाबाहेर बांध्यांतून रोवणी चाललेली. बायका ओणव्या होऊन चिखलात पऱ्हे लावीत होत्या. मी मात्र सायंकाळी दर्शन आटोपून घरी आलो आणि दिवाणखान्यात भ्रमणध्वनी समोर ठेवून बसलो. काळ्या समुद्राच्या काठी, जॉर्जियातील बाटुमी नगरात, महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाचा अंतिम सामना होता. एका बाजूला कोनेरू हंपी आणि दुसऱ्या बाजूला आपली दिव्या देशमुख. दोन्ही खेळाडू भारतीय, त्यामुळे चषक भारताचा हे ठरलेलेच होते. परंतु नागपूर आमच्यापासून आगगाडीने दोन-अडीच तासांवर. आमच्या मनाने बाजू केव्हाच घेतली होती.

माझी मुलगी पुण्यात एका बँकेत नोकरीस आहे. तीही तिकडे हाच सामना पाहत होती आणि दुसऱ्या दूरध्वनीवर आमचे बोलणे चालू होते. गंमत अशी की, पुण्यात चित्र आधी पोचे आणि नागऱ्यात काही क्षण उशिरा. मी "आता घोडा कुठे जाईल बरे?" असा विचार करीत असे, तोच ती घोडा कुठे गेला ते सांगून टाकी. येथेही मी मागेच!

मला बुद्धिबळ शिकविले ते आजोबांनी, ओसरीवर, देशी पद्धतीने. त्या खेळात प्यादे नेहमी एकच घर चालायचे. शह लागण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची उडी मारता यायची. प्यादे शेवटच्या घरी पोचले की ते ज्या मोहऱ्याचे घर असेल तेच मोहरे व्हायचे. आणि प्रतिपक्षाचा राजा सर्वस्व गमावून एकटा उरला, तर त्याची 'बुर्जी' होऊन बाजी बरोबरीत सुटायची. जिंकतानासुद्धा शत्रूजवळ एखादे प्यादे राखून ठेवावे लागे, इतका तो खेळ सभ्य होता. घड्याळ नावाची वस्तू त्या ओसरीवर नव्हतीच. आजोबांचे प्रतिस्पर्धी जेवणापूर्वी उंट उचलावा की नाही याचा विचार करू लागत आणि पान खाऊन झाल्यावर प्यादे पुढे सरकवीत. माझ्या संथपणाची दीक्षा मला येथे मिळाली असावी.

बाटुमीत जे चालले होते, ते याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यामुळे निकाल आता जलद डावांवर आला होता. प्रत्येकीला एका डावासाठी पंधरा मिनिटे आणि दर खेळीला दहा सेकंदांची भर. साठ खेळ्यांचा डाव धरला, तर खेळीला सरासरी पंचवीस सेकंद पडतात. पंचवीस सेकंदांत मला माझा चष्मा सापडत नाही!

आणि समोर बसलेली प्रतिस्पर्धी कोण? हंपी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. शिवाय जलद बुद्धिबळाचे जागतिक विजेतेपद हंपीने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मिळविलेले. म्हणजे वेगाच्या खेळात जगात जी सर्वश्रेष्ठ ठरली होती, तिच्याशी वेगानेच झुंजायचे होते. पहिला जलद डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. डाव लांबत गेला, दोघींची घड्याळे आटत गेली. त्या टंचाईत हंपीच्या हातून चुका झाल्या. खरे सांगायचे तर दिव्याच्याही झाल्या. परंतु शेवटची चूक हंपीची ठरली. दिव्याने दीड विरुद्ध अर्धा अशा गुणांनी चषक जिंकला, आणि त्या विजयाबरोबरच ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. हा किताब एरवी तीन निकष एकेक करून पुरे केल्यावर मिळतो. तिच्या पदरी त्यांतला एकही नव्हता. डाव संपला तेव्हा तिला रडू आवरेना, आणि ती आईच्या गळ्यात पडली. आमच्याकडे ते दृश्य थोडे उशिराच पोचले; तोपर्यंत पुण्याकडून हुंदका ऐकू आला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ही मुलगी इतक्या थोड्या वेळात विचार करते तरी कसा? पुढचे काही दिवस मी तिचे जुने डाव आणि तिच्याविषयीचा मजकूर वाचण्यात घालविले. तिची वाटचाल पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ती पटावर घाईने खेळते, परंतु तेथवर ती घाईने आलेली नाही. पाच वर्षांची असल्यापासून नागपुरात हा अभ्यास सुरू झाला. राहुल जोशी या आता दिवंगत झालेल्या प्रशिक्षकांनी तिचा पाया घातला. २०१४ मध्ये दहा वर्षांखालील आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद, २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद, २०२३ मध्ये आशियाई विजेतेपद, २०२४ मध्ये कनिष्ठ मुलींचे जागतिक विजेतेपद. आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या सुवर्णविजेत्या संघात तिसऱ्या पटावर अकरांपैकी साडेनऊ गुण. ही यादी वाचताना पायऱ्या मोजल्यासारखे वाटते.

तिचा खेळ मुळात चढाईचा. प्रतिपक्षाच्या राजाभोवती जरा फट दिसली की ती मोहरी तिकडे वळविते आणि डाव गुंतागुंतीचा करते. समोरच्याला प्रत्येक खेळीला नवा प्रश्न सोडवावा लागतो. वेळ मुबलक असेल तर असल्या प्रश्नांची उत्तरे सापडतात. वेळ आटला म्हणजे उत्तर देणाऱ्याची दमछाक आधी होते. म्हणून ही शैली जलद डावांना मानवते. २०२३ मध्ये कोलकात्याच्या जलद स्पर्धेत तिचे मानांकन सर्वांत खालचे होते, तरी जगज्जेती जू वेनजून आणि हंपी यांच्यापुढे जाऊन ती पहिली आली. पण लगेच तेथेच झालेल्या ब्लिट्झमध्ये, म्हणजे अवघ्या काही मिनिटांच्या डावांत, विजेतेपद जू वेनजूनने नेले. दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, लंडनच्या सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत याच मुलीने महिलांत जगात अव्वल असलेल्या होऊ यिफानला हरविले. आणि लगेच पुढच्या महिन्यात बाटुमी. तेथे तिचे मानांकन पंधरावे होते. चीनची झू जिनेर, मग आपली हरिका, मग हंपी, अशा तिघींना तिने जलद डावांत बाजूला सारले. मध्ये माजी जगज्जेती तान झोंगयी हिला मात्र दीर्घ डावांतच नमविले, आणि त्यांतला निर्णायक डाव एकशेएक खेळ्या चालला. चढाई करणाऱ्याला एकशेएक खेळ्या धीर धरता यावा, हीच तिच्या प्रगतीची मला वाटते खरी खूण. तरीही जिंकल्यावर तिने कबूल केले ते हे, की आपल्याला अंत्यखेळ अजून शिकावयाचा आहे.

वेगाचे रहस्य काय, याचा शोध द ग्रूट नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात घेतला आहे. त्याने थोर आणि मध्यम अशा दोन्ही प्रतींच्या खेळाडूंना पट दाखवून मोठ्याने विचार करावयास लावले. थोर खेळाडू फार अधिक खेळ्यांचा हिशेब करीत असतील, अशी कोणाचीही कल्पना व्हावी. तसे आढळले नाही. फरक होता तो पाहण्यात. पट काही क्षण दाखवून झाकला, तर थोरांना तो जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा मांडता येई. पुढे १९७३ मध्ये चेस आणि सायमन या अमेरिकी संशोधकांनी मोहरी वाटेल तशी विस्कटून मांडली, तेव्हा थोरांची ही सरशी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे ती स्मरणशक्तीची जादू नव्हती. वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने अर्थपूर्ण रचना त्यांच्या डोळ्यांत बसल्या होत्या. दिव्या पंचवीस सेकंदांत जो विचार करते, तो चौदा वर्षे आधी सुरू झालेला असतो.

हे वाचले आणि मला आमच्या बांध्या आठवल्या. धानाचे पऱ्हे वाफ्यात तयार होतात, ते तीन-चार आठवड्यांत लावावे लागतात. पाऊस पडला, चिखलणी झाली, की मग शेतकरी "विचार करून सांगतो" म्हणत नाही. त्याचा विचार उन्हाळ्यातच झालेला असतो: बियाणे कोणते, बांध कोठे फुटला आहे, मजूर कोठून आणावयाचे. रोवणीच्या दिवशी तो फक्त हात चालवितो. पऱ्हे म्हातारे झाल्यावर कितीही सखोल विचार करून लावले, तरी पीक उतरते ते कमीच. एवढे साधे ज्ञान माझ्या शेजाऱ्याला आहे. पदव्युत्तर वर्गांना शिकविणाऱ्या मला ते नव्हते.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती लपवून हा लेख पुरा केला तर तो खोटा होईल. माझी मुलगी दहा वर्षांची असताना शाळेत बुद्धिबळ खेळू लागली होती. गोंदियातील एका स्पर्धेत तिचे डाव पाहून एक जाणते गृहस्थ माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, पोरीला हात आहे. शनिवार-रविवार नागपूरला शिकायला पाठवा." मी त्यांना चहा पाजला आणि म्हणालो, "विचार करून सांगतो." मी विचार केला हे खरे. गाडीचे वेळापत्रक पाहिले, शाळेच्या परीक्षा पाहिल्या, खर्चाचा आकडा मांडला, मुलीच्या जातीने दर आठवड्याला इतका प्रवास करावा काय, याचाही खल केला. असा विचार करण्यात दोन वर्षे गेली. मी कधी नाही म्हटले नाही. मुलीने विचारणे एके दिवशी थांबविले, आणि पट कपाटावर गेला. मी त्याला तिची आवड बदलली असे नाव दिले.

त्या सोमवारी रात्री, सगळे आटोपल्यावर, मी तिला दूरध्वनीवर विचारले, "तुला तेव्हा वाईट वाटले होते का ग?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, मी काही दिव्या झाले नसते. तेवढी मी नव्हते, हे मला ठाऊक आहे. तुम्ही 'नाही' म्हणाला असता, तर मी रडले असते, भांडले असते, आणि दुसरे काही धरले असते. पण तुम्ही नाहीसुद्धा म्हणाला नाहीत. हरल्याचे कुणाला इतके वाटत नाही, बाबा. खेळी न करता घड्याळ संपते ना, त्याचे वाटते."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि "विचार करून सांगतो" असे म्हणण्याची ती जागा नव्हती. मी एवढेच म्हणालो, "चूक माझी झाली." हे वाक्य उच्चारावयास मला पंधरा वर्षे लागली, पण त्या वेळी फार तर दोन सेकंद लागले असतील. पलीकडून ती हसली. "झोपा आता," म्हणाली. "दिव्यालासुद्धा अंत्यखेळ शिकायचाय म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा शेजारी शेतकरी दारात उभा राहिला. त्याच्या बांधीला पऱ्हे कमी पडत होते आणि आमच्या वाफ्यात थोडे शिलकीत होते. "सर, देता का? आज रोवणी आटपते," तो म्हणाला. मी चहाची कपबशी खाली न ठेवताच म्हणालो, "ने." सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे पाहत राहिली. तो गेल्यावर माझ्या मनात आले, आपल्याच एका बांधीला पुढे तूट पडली तर? दिवसभर मी त्याचा हिशेब करीत होतो, आणि तूट पडेल असेच मला वाटत होते. परंतु पऱ्हे एव्हाना पलीकडच्या बांधीत लागून गेले होते.