शेजारच्या दाताचं काय?

आईची खालची दाढ काढल्यावर डॉक्टर म्हणाले होते, “काकू, ब्रिज केला तर दोन्ही बाजूंचे चांगले दात तासावे लागतील. इम्प्लांटमध्ये शेजारच्या दातांना हातसुद्धा लागत नाही.” तसंच झालं. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसला, काही महिन्यांनी वर कॅप आली आणि आई पुन्हा दाणे खाऊ लागली.

काही वर्षांनी त्या कॅपच्या पुढच्या बाजूला मेथीची पानं अडकू लागली. मग पोहे, मग सगळंच. जेवण झालं की आई बेसिनपाशी. पाहुण्यांसमोर तोंडाला पदर लावून काडीने कोरणं तिच्या जिवावर यायचं. दाखवायला गेली, तर “वयोमानानं होतं” म्हणून हिरडीला मलम दिलं आणि परत पाठवलं. शेवटी गार पाण्याने कळ निघाली. एक्स-रेत दिसलं, की इम्प्लांटच्या पुढची तिची स्वतःची उपदाढ फटीकडच्या बाजूने किडली होती. रूट कॅनाल झालं, वर कॅप. ज्या दाताला हात लागणार नव्हता तोच तासला गेला, आणि खर्चही आमचाच.

असं का होतं, ते दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला समजावलं. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो, पाव मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या आधारावर दात आयुष्यभर कणाकणाने पुढे सरकत राहतो. इम्प्लांटला हे तंतूच नसतात. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी ओळखलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. सगळा उपचार त्याच पकडीवर उभा आहे. पण म्हणूनच इम्प्लांट जागचा हलत नाही, पुढचा दात मात्र सरकतो आणि मध्ये फट पडते.

दंतवैद्यांना हे नवीन नाही. मग आधी सांगायला किती वेळ लागला असता? संमतीच्या कागदावर सूज होती, रक्तस्राव होता, ओठाचा बधिरपणा होता. फटीबद्दल अक्षर नव्हतं. कीड लागली याचा राग नाही, या गप्प बसण्याचा आहे. कल्पना असती तर पहिलं पान अडकलं तेव्हाच आईने तिथे बारीक ब्रश फिरवायला सुरुवात केली असती.

तरी मामाची दाढ काढायची वेळ आली तेव्हा “ब्रिज नको, इम्प्लांटच कर” असं त्याला आईनेच सांगितलं, आणि मलाही ते पटलं. फक्त कॅप सिमेंटने न चिकटवता स्क्रूने बसवता येईल का, हे आधी विचारायला तिने बजावलं. फट पडलीच तर अशी कॅप सोडवून, तिची कड वाढवून पुन्हा बसवता येते.