मुठीतली चिठ्ठी

तिसरीत असताना, १ ऑगस्टला, माझ्या मुठीत पहिली चिठ्ठी आली. अण्णांनी वहीच्या पानाच्या दोन्ही बाजू भरून शाईपेनाने लिहून दिलेलं भाषण. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग'पासून 'जय हिंद, जय महाराष्ट्र'पर्यंत सगळं. माझा नंबर सातवा. आधीच्या सहाही जणांची शेंगांची टरफलं सांगून झाली होती, आणि लोकमान्य २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्मले हेही सहा वेळा झालं होतं. मी उभी राहिले तोवर घामाने शाई उतरून तळवा निळा झाला होता. पहिलं वाक्य नीट गेलं. दुसरं काही केल्या आठवेना. मग जीभ घसरली ती थेट शेवटावर: 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.' खरोखर दोनच झाले होते. टाळ्या मात्र दणदणीत पडल्या. पोरं कंटाळली होती.

ज्या दिवशी टिळक गेले त्याच दिवशी, १ ऑगस्ट १९२० ला, अण्णाभाऊ साठे जन्मले, हे आमच्या शाळेत तेव्हा कुणी सांगितलं नाही. नाहीतर सातव्या नंबरालाही बोलायला काही उरलं असतं.

कॉलेजात स्पर्धांना जाऊ लागले. पाच अधिक दोन मिनिटं, पाचव्याला इशाऱ्याची घंटा. फुलस्केपचं एक पान मोठ्याने म्हणायला मला अडीच मिनिटं लागतात, हा शोध तेव्हाचा. अजून कामी येतो. चिठ्ठी आता माझ्या अक्षरात असे, पण पाठांतर तेच. एक शब्द निसटला की मागून सगळी ओळ निसटे.

त्याच सुमारास एका व्याख्यानमालेत प्राचार्य शिवाजीराव भोसले ऐकले. हातात कागद नाही, आवाज चढत नाही, आणि वाक्यं मात्र छापून आल्यासारखी पुरी. मी भारावले आणि पुढच्या स्पर्धेत चिठ्ठी घरीच ठेवली. तिसऱ्या मिनिटाला खाली बसले. त्यांचा तो रिकामा हात मला दिसला. त्यामागे फलटणच्या मुधोजी महाविद्यालयातली वर्षं होती, तत्त्वज्ञान शिकवणं होतं, ते दिसलं नाही. रिकाम्या हाताची नक्कल फार सोपी असते.

मग नोकरी, शेतीखात्यातली. गावोगाव जाऊन माती परीक्षण समजावून सांगायचं. प्रोजेक्टर आला तेव्हा मला वाटलं, सुटले. रात्री जागून बेचाळीस स्लाइडी केल्या. समाजमंदिराची भिंत गुलाबी निघाली. सामूच्या (पीएचच्या) तक्त्यातला लाल, पिवळा, हिरवा सगळा एकाच रंगाचा दिसू लागला. मी भिंतीकडे तोंड आणि शेतकऱ्यांकडे पाठ करून वाचत राहिले. मागून एकजण म्हणाला, "बाई, वाचता आमालाबी येतं."

राग आला, पण घरी येताना एसटीत उमगलं. ती स्लाइड म्हणजे माझी तीच चिठ्ठी होती, सगळ्या गावाला दिसेल एवढी मोठी करून भिंतीवर लावलेली. बेचाळीस पानी चिठ्ठी! ती माझ्या आधारासाठी होती, त्यांच्यासाठी नव्हतीच.

पुढच्या गावात तीनच स्लाइडी नेल्या, आणि कुदळ नि घमेलं तिथलंच मागून घेतलं. आदल्या दिवशी जाऊन भिंत पाहिली, प्लग पाहिला, चारच्या उन्हाची तिरीप कुठे येते ते पाहिलं. अजूनही माझी निम्मी तयारी हीच असते. चिठ्ठीवर चार शब्द: वीत, बांध, घमेलं, अर्धा किलो. म्हणजे वीतभर खोल व्हीच्या आकाराचा खड्डा. बांधाजवळची, झाडाखालची माती नको. दहा-बारा ठिकाणची माती घमेल्यात एकत्र करायची. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. हे मी स्वतः शेकडो वेळा केलेलं. विसरणार काय?

भीती गेली असं मात्र नाही. पहिल्या मिनिटाला तोंडाला कोरड पडतेच. म्हणून पहिलं वाक्य आजही पाठ करते, आणि अर्धा तास आधी जाऊन येणाऱ्यांशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारते. बोलायला उभी राहते तेव्हा चार चेहरे तरी ओळखीचे झालेले असतात.

गेल्या जुलैत चौथीतली भाची आली. "आत्या, एक ऑगस्टचं भाषण लिहून दे ना. पूर्ण दे हं." मी पेन उचललंही होतं. मग ठेवलं आणि तिला अण्णाभाऊंची गोष्ट सांगितली. म्हटलं, यातलं तुझ्या मैत्रिणीला काय सांगशील, तेवढंच लिही. बराच वेळ पेन्सिल चावून तिने तीन शब्द लिहिले: वाटेगाव, पायी, मुंबई. "एवढीच चिठ्ठी?" तिला ते फसवल्यासारखं वाटत होतं.

गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीसमोर तिची तालीम सुरू झाली. खाली मला ऐकू येत होतं. अध्यक्ष महाशय झाले, वाटेगाव झालं, सांगली जिल्हा झाला. 'पायी'पाशी आवाज थांबला. मी जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले.

वरून हाक आली, "आत्या, चालत किती दिवस लागले असतील गं?"