आईची न्याहारी आणि कोहळ्याचा फ्रेंच टोस्ट

गेल्या वर्षी दसरा होऊन आठेक दिवस झाले होते. सडक अर्जुनीत त्या सुमारास हलका धान कापणीला येतो आणि बाजारात शिंगाडे, कोहळी दिसू लागतात. (आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात.) सकाळी ओपीडीला निघताना आईला हाक मारली, तर ती नुसती बघत राहिली. अंग घामाने ओलं, बोलणं अडखळत. मला आधी पक्षाघातच वाटला. ग्लुकोमीटर लावलं, साखर ४८.

गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, वाढल्यावर खायला दिलं. (शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.)

कारण समोरच होतं. ग्लिमेपिराइडची गोळी पोटात आणि पोह्यांची बशी तशीच भरलेली. ही गोळी तुम्ही खा, न खा, साखर खाली आणतेच. आई ७८ वर्षांची. कवळी टोचते, पोहे चावत नाहीत, आणि गोडाला मी बंदी घातलेली. तिची तीन महिन्यांची साखर ६.४ आली म्हणून मी खूश होतो. अशी गोळी घेणाऱ्या थकलेल्या माणसाला आठच्या आसपास चालते, हे मी रुग्णांच्या मुलांना रोज सांगतो. घरात विसरलो. त्याच दिवशी तिची गोळी बदलली.

राहिला प्रश्न न्याहारीचा. मऊ हवं, थोडं गोड हवं, प्रथिनं हवीत. शरदात आई कोहळ्याची बोंडं तळायची, तोच वास डोक्यात होता.

रात्री वाटीभर कोहळं वाफवून कुस्करलं. त्यात दोन अंडी, एक कप दूध, चमचाभर गूळ, दालचिनी, जायफळ, चिमूटभर मीठ फेटलं. तूप लावलेल्या भांड्यात ब्रेडच्या चार स्लाइसचे तुकडे पसरून वर हे ओतलं आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी छोट्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर अर्धा तास. मधे सुरी घालून ओलं अंडं लागत नाही ना, ते पाहायचं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत, झाकण ठेवून, मंद आचेवर होतं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. दालचिनीने मधुमेह बरा होतो असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. इथे ती वासापुरती. ब्रेड मैद्याचाच असतो, म्हणून अर्धं भांडं म्हणजे पूर्ण न्याहारी, त्यावर पोळी नाही.

आईने आधी वास घेतला, मग चमच्याने खाल्लं. बशी रिकामी झाली. दोन तासांनी साखर १६८, मला चालण्यासारखी.

"कोहळं होतं घरात, तर बोंडं काहून नाही केलीस?" तिने विचारलं.

आता गुरुवार सोडून आठवड्यातून दोनदा हा टोस्ट होतो. गुरुवारी ती अंडं खात नाही. त्या दिवशी एक बोंड, पण न्याहारी झाल्यावर.