सगळ्यात जड बॅग गोलीची

हॉकीच्या टीममध्ये गोलकीपर कोण होतो? जो "नको" म्हणत नाही तो. निदान शाळेत तरी असंच असतं. फॉरवर्ड व्हायला रांग लागते. गोलमध्ये उभं राहायला कुणी तरी शोधावं लागतं.

मी शाळा आणि कॉलेज मिळून सात वर्षं गोलमध्ये उभी होते. आता इंदूरची माझी तेरा वर्षांची मामेबहीण उभी राहतेय. सरांनी तिला निवडलं त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, काय काय घ्यायचं ते सांग." मागून मामीचा आवाज आला, "आणि किती लागतं तेही विचार गं!"

मामी पैशांबद्दल विचारत होती की मुक्या माराबद्दल, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

आधी मार. हॉकीचा बॉल साधारण 156 ते 163 ग्रॅमचा असतो, म्हणजे क्रिकेटच्या बॉलइतकाच जड आणि तितकाच कडक. मोठ्या स्पर्धांमध्ये पेनल्टी कॉर्नरला मारलेली ड्रॅग फ्लिक ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. शाळेच्या मैदानावर इतका वेग नसतो. पण तिथे माती असते, खडे असतात, आणि सरपटत येणारा बॉल मध्येच टप्पा घेऊन हनुवटीकडे येतो. त्यामुळे "लहान मुलांचाच खेळ आहे, काय होतंय" असं म्हणून अर्ध्या साहित्यात मुलीला उभं करू नका. माझं हे मत ठाम आहे.

आता पैसे. पूर्ण नवा संच हजारोंच्या घरात जातो, आणि तो सगळा पहिल्या दिवशी घ्यायची गरज नसते. पायाचे मोठे पॅड आणि बुटांवर चढवायचे किकर शाळेकडे असतात. ते वापरायला हरकत नाही, फक्त त्यांचा फोम अंगठ्याने दाबून बघा. लगेच वर आला तर ठीक. खड्डा तसाच राहिला तर तो पॅड आता फक्त दिसायला आहे. चांगला फोम मार तर अडवतोच, शिवाय बॉल जोरात परत फेकतो. मेलेल्या फोमवर आदळलेला बॉल पायाशीच पडतो आणि समोरची फॉरवर्ड त्याचीच वाट बघत असते.

स्वतःचं घ्यायचं ते हेल्मेट, गळ्याचा गार्ड, छातीचा गार्ड आणि ओटीपोटाचा गार्ड. मुलींसाठी हा शेवटचा गार्ड वेगळा मिळतो. दुकानात तो मागायला कुणी लाजू नये, आईनेही नाही. हेल्मेट जुनं घेऊ नका, कारण बारीक तडा बाहेरून दिसत नाही. घरात दादाचं क्रिकेटचं हेल्मेट पडून असलं तरी ते चालवून घेऊ नका. गोलकीपर जमिनीवर पडतो, लोळतो. त्याचं पूर्ण डोकं, मागची बाजूसुद्धा, झाकलेलं लागतं.

आणि मामी, "वाढत्या अंगाचं" काही घेऊ नकोस! फ्रॉकला ते चालतं, पॅडला नाही. मोठा पॅड पायाभोवती फिरतो आणि बाजूला पाऊल टाकताना एक दुसऱ्यात अडकतो. पॅड किकरवर नीट बसायला हवा आणि गुडघ्याच्या वरपर्यंत यायला हवा. पट्ट्यांची बकलं नेहमी बाहेरच्या बाजूला ठेवायची, कारण पायाच्या आतल्या बाजूने बॉल मारायचा असतो.

हे सगळं घातल्यावर पहिल्या दिवशी चालताही येत नाही. मग हालचाल कशी करायची?

गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच असतो. रेषेवर उभं राहून तो झाकायला गेलात तर कितीही हात पसरले तरी तो उरतोच. म्हणून दोन-तीन पावलं पुढे यायचं. खोलीच्या दारात उभं राहून बघा. समोरचा माणूस जितका तुमच्या जवळ येईल, तितकी मागची भिंत कमी दिसते. बॉल मारणाऱ्या मुलीलाही गोल असाच कमी दिसायला हवा. बॉल डावीकडे गेला की आपणही डावीकडे, पण सरळ रेषेत नाही. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत कमान आहे असं समजायचं आणि त्या कमानीवरून सरकायचं. सरकताना पाय एकमेकांना ओलांडू द्यायचे नाहीत. छोटी, भरभर पावलं. खांबाजवळ आलं की स्टिकने किंवा हाताने खांब चाचपायचा, मागे वळून बघायचं नाही.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. समोरचीने स्टिक मागे नेली की आपण जिथे असू तिथे थांबायचं. गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, हात अंगापुढे. चालत्या पायाने बॉल अडवता येत नाही, कारण जो पाय उचललेला असतो नेमका त्याच्याखालून बॉल जातो. भरतनाट्यम शिकलेल्या मुलींना हे लवकर जमतं, असं मला वाटतं. अरमंडीत बसून मांड्या आधीच तयार झालेल्या असतात.

अडवलेला बॉल समोर ढकलायचा नाही, बाजूला काढायचा. मातीवर घसरत जाऊन बॉल अडवायचा मोह मात्र टाळा. ते टर्फवर शोभतं. मातीवर पॅडही फाटतो आणि कोपरही.

मामाने सगळ्यात आधी खर्चाचा कागद केला. त्याला मी श्रीजेशची गोष्ट सांगितली. पी. आर. श्रीजेश केरळमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याचे पॅड घ्यायला वडिलांनी घरची गाय विकली होती, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. टोकियोत जर्मनीविरुद्ध 5-4 अशी आघाडी असताना, सामना संपायला काही सेकंद उरलेले असताना मिळालेला पेनल्टी कॉर्नर त्याने अडवला आणि 41 वर्षांनी भारताला हॉकीत ऑलिंपिक पदक मिळालं. मामा म्हणाला, "आपल्याकडे गाय नाही, जुना स्कूटर आहे." स्कूटर अजून आहे. हेल्मेट आणि गार्ड आले.

सविता पुनियाची गोष्ट मी बहिणीला सांगितली. हरियाणातल्या जोधकां गावाहून ती ही अवजड बॅग घेऊन बसने सिरसाला सरावाला जायची. सुरुवातीला तिला ते अजिबात आवडायचं नाही. पुढे टोकियोच्या उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला तिने एकही गोल करू दिला नाही आणि भारत 1-0 ने जिंकला. रिक्षावाले काका ही बॅग बघून जास्त पैसे मागतात तेव्हा बहिणीला या गोष्टीचा उपयोग होतो.

तिसरी गोष्ट इंदूरच्या शेजारची, महूची. शंकर लक्ष्मण महूचे. मराठा लाइट इन्फंट्रीत होते. 1956, 1960 आणि 1964 अशी तीन ऑलिंपिक खेळले. 1964 ला टोकियोत पाकिस्तानविरुद्धची फायनल भारताने 1-0 ने जिंकली तेव्हा गोलमध्ये तेच होते. 1966 च्या एशियाडमध्ये ते कर्णधार होते आणि भारताने सुवर्ण जिंकलं. त्या काळात ना आजच्यासारखा फोम होता, ना चेहऱ्यापुढे जाळी. 2006 मध्ये महूतच, पायाला गँगरीन होऊन, पैशांच्या ओढगस्तीत ते गेले. इंदूरच्या आमच्या नातेवाइकांपैकी एकालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं. तीन ऑलिंपिकमध्ये ज्या पायांनी बॉल अडवले, त्या पायांबद्दल मी फोनवर फार बोलू शकले नाही.

गोल झाला की सगळे गोलकीपरकडे बघतात. आधी तीन बचावपटूंना चकवून फॉरवर्ड आत आली होती, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. बहिणीला पहिल्याच सामन्यात चार गोल झाले. त्या रात्री ती जेवली नाही, असं मामीने सांगितलं. मी तिला एवढंच विचारलं, "तू ओरडलीस का?" ती नाही म्हणाली.

ओरडणं हे गोलकीपरचं अर्धं काम आहे. तिला एकटीलाच पूर्ण मैदान समोरून दिसतं. "डावीकडे जा", "मागे एक मोकळी आहे", "बॉल माझा", हे तिने सांगायचं, तेही नाव घेऊन, खणखणीत आवाजात. आमच्या घरात मुलींना लहानपणापासून हळू बोलायला शिकवतात. माझी ही बहीण तर पाहुण्यांसमोर नावसुद्धा पुटपुटते. म्हणून सध्या तिला रोज संध्याकाळी गच्चीवर दहा मिनिटं मोठ्याने ओरडायचा सराव दिलाय. खालच्या मजल्यावरच्या आजींनी परवा वर येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना. मामीने सांगितलं, "हो, अभ्यास चाललाय."