छत्तीस फ्रेमचं नागझिरा

एका रोलमध्ये छत्तीस फोटो. नागझिऱ्याला निघताना असे मोजकेच रोल बरोबर असत आणि अख्खं जंगल त्यांतच बसवायचं असे. स्लाइड फिल्म महाग, तीही १०० एएसएची. ऐनाच्या दाट सावलीत जनावर उभं असलं तर कॅमेरा डोळ्याला लावण्यात अर्थ नसायचा. मग ते उन्हाच्या तिरिपेत येईल का, याची वाट बघत बसायचं. ते यायचं नाही, पण तेवढ्या वेळात ते काय खातं, कुठे बघतं, कान कसे हलवतं, हे पाठ होऊन जायचं.

साकोलीपर्यंत एसटी आणि पुढे पिटेझरीच्या फाटकापर्यंत मिळेल ते वाहन. गोंदिया जिल्हा १९९९मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, तरी आमच्या तोंडी अजूनही ‘भंडाऱ्याचं नागझिरा’च आहे. तळ्याकाठच्या विश्रामगृहात वीज नव्हती, जेवण कंदिलाच्या उजेडात. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ वाचून आलेली माणसं तिथे हमखास भेटत. ती घाईत नसत. वनरक्षकाला सोबत घेऊन पायी हिंडायचं, तळ्याशी बसायचं, रानकुत्र्यांचा कळप पाण्यावर उतरला तर दिवस सोन्याचा. वाघ दिसला नाही म्हणून फेरी वाया गेली, असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. अस्वलाची मोहाखालची विष्ठा, सुतारपक्ष्याचं नवं भोक, हरियालांचा थवा, हे सगळं रात्रीच्या गप्पांना पुरायचं.

फोटो कसा आला, हे मात्र कित्येक दिवसांनी कळायचं. रोल धुवायला मुंबईला जायचा. परत आलेल्या स्लाइडच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात महिना आणि जागा लिहायची आमची पद्धत होती. मग शाळेच्या नाहीतर वाचनालयाच्या हॉलमध्ये पांढरी चादर ताणून स्लाइड शो व्हायचा. चंद्रपूरचं, मेळघाटचं जंगल कधीच न बघितलेली माणसं तासभर अंधारात बसून ते बघत. संवर्धनासाठी छायाचित्रण असं कुणी म्हणत नसे, पण त्या चादरीसमोर बसलेल्या मुलांतली काही पुढे जंगलाच्या कामाला लागली, हे मी बघितलं आहे.

वाघ मोजायचे ते मात्र पायाच्या ठशांवरून. उन्हाळ्यात वनमजूर धुळीच्या वाटा तुडवत. डाव्या मागच्या पंजाचा ठसा सापडला की त्यावर काच धरायची, रेषा उतरवून घ्यायची, प्लास्टरचा साचा काढायचा. त्या लोकांना जंगल तळहातासारखं ठाऊक होतं, त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पण मोजणीचे आकडे खरे नव्हते. २००५मध्ये सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, कागदावर तर ते होते. त्यानंतर मोजणी पट्ट्यांवर आली. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. २००६च्या गणनेत देशात १४११ वाघ निघाले, २०२२च्या गणनेत ३६८२. महाराष्ट्राचे ४४४.

म्हणून जुन्या दिवसांची कितीही ओढ वाटली तरी मी आजच्या कॅमेऱ्याला नावं ठेवणार नाही. नागझिऱ्याचा जय नावाचा वाघ आठवा. २०१३मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात एक धिप्पाड नर दिसू लागला आणि पट्टे जुळवल्यावर कळलं की हा आपलाच जय. वैनगंगा, महामार्ग, शेतं, गावं ओलांडून तो शंभराहून जास्त किलोमीटर चालत गेला होता. पट्ट्यांचे फोटो नसते तर तो कुठून आला हे सांगायचं कुणी? नागझिऱ्याला बाहेरच्या जंगलांशी जोडणाऱ्या वाटा जिवंत आहेत, हे आम्ही स्लाइड शोमध्ये नुसतं बोलत होतो; त्यानं ते दाखवून दिलं. एप्रिल २०१६नंतर तो पुन्हा दिसला नाही. ती हळहळ अजून जात नाही. आणि २०२३च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, तेव्हा कितीतरी जुन्या मंडळींनी एकमेकांना फोन केले.

मला टोचतं ते दुसरंच. आता सेकंदाला वीस फोटो निघतात आणि त्यातले बहुतेक चेहऱ्याचे. जिप्सीत बसल्याबसल्या पहिला प्रश्न ‘साइटिंग आहे का?’ चितळाचा कॉल आला की सगळ्या गाड्या एकाच वळणावर. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात गोठणगावच्या बाजूला जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. गावातल्या पोरांना गाईडचं, गाडी चालवण्याचं काम मिळालं, घरात पैसा आला, याचा मला मनापासून आनंद आहे. जंगल टिकावं असं वाटायला त्यांच्याकडे आता पोटाचं कारण आहे. पण त्याच पोराला ‘वाघ दाखव, मग बघू’ म्हणून बक्षिसाचं आमिष दाखवणारा पर्यटक त्याला नियम मोडायला लावतो, हेही खरं.

आणि जागा सांगण्याची घाई. वाघीण आत्ता कुठल्या पाणवठ्यावर आहे, हे संध्याकाळच्या आत हजारो मोबाइलवर पोचतं. शिकाऱ्यांच्या टोळ्या विदर्भात पकडल्या गेल्या आहेत, त्यांच्या हातातही मोबाइलच असतो. चेहऱ्याच्या शंभर फोटोंऐवजी दोन्ही कुशींचे दोन काढावेत आणि तारीख-वेळेसह वनविभागाला द्यावेत, असं भेटेल त्या तरुणाला मी सांगतो. काही जण देतातही.

माझ्या स्लाइडचे डबे मी सध्या स्कॅन करायला काढले आहेत. तळ्याची पातळी, गवताची कुरणं, रानकुत्र्यांच्या कळपातली संख्या, सगळं त्यांत आहे, पुठ्ठ्यावरच्या महिना आणि जागेसकट. फाइलच्या नावात तेच उतरवतो आहे. बऱ्याच स्लाइडला बुरशी धरली आहे. नागझिरा, नवेगाव, मेळघाटचे जुने डबे ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनी या पावसाळ्याआधी ते खाली काढावेत.