कमिटीची सही

सकाळी उरणच्या चारफाट्यावर इंग्रजी शाळांच्या बसगाड्या लागतात. शेतजमिनी गेल्या, १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि पोरगं इंग्रजी शिकून कंपनीत लागावं, ही आस घरोघर रुजली. त्या बसमध्ये लेकराला बसवणाऱ्या आईबापांना मी नावं ठेवणार नाही. पण तिथे फी भरणाऱ्याच्या हातात शेवटी एकच गोष्ट उरते: पटलं नाही तर मूल काढून घ्यायचं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकांना बसायला जागा दिली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. आमच्याकडे सगळे तिला कमिटीच म्हणतात. सकाळी मासळी विकून आलेली बाई दुपारी तिथे ठरावावर सही करते. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ साली याच तालुक्यात पाच जणांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. आपल्याला न विचारता वरून झालेला निर्णय काय करतो, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

तरीही २०२४मध्ये गणवेशाचा साधा अधिकारसुद्धा कमिटीकडे राहिला नाही. सरकारचं ‘एक राज्य, एक गणवेश’ धोरण आलं. कापडाची खरेदी राज्य पातळीवर, शिलाई बचत गटांकडे. राज्यात कितीतरी शाळांत गणवेश महिनोन्‌महिने पोचले नाहीत, पोचले ते मापात बसेनात. डिसेंबरात सरकारने तो अधिकार पुन्हा कमिट्यांना दिला. गावातला शिंपी पोराचं माप घेऊन आठवड्यात जे शिवून देतो, त्यासाठी एवढा फेरा!

म्हणून सगळंच गावावर सोडावं, असंही मला वाटत नाही. कातकरी वाडीवरच्या आईचा आवाज कमिटीत सगळ्यात बारीक असतो. तिच्या मुलीला तिसरीपर्यंत वाचता आलंच पाहिजे, वर्गाला पुरते शिक्षक मिळालेच पाहिजेत, हा आग्रह राज्यानेच धरावा. गावाच्या मर्जीवर तो ठेवता येणार नाही. पण त्या वाचनापर्यंत पोचायचं कसं, हे मुंबईत बसून ठरत नाही. पहिलीपासून हिंदीचा आदेश एप्रिल २०२५मध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला. आगरी बोलत वर्गात आलेल्या मुलाला पुस्तकातली मराठीच आधी ओळखीची करून घ्यावी लागते, हे कुठल्याही कमिटीतल्या आईने सांगितलं असतं.

शाळेचा विकास आराखडा करण्याचा हक्क कायद्याने कमिटीला आहेच. आमच्या गावांतल्या आयांनी त्यात पहिली मागणी लिहावी ती पहिली-दुसरीला आगरी समजणाऱ्या बाईंची. आणि तालुक्याच्या साहेबांनी त्या मागणीवर होय किंवा नाही, कारणासकट लेखी द्यावं.